वर मागितल्यानंतर

‘तुम्हांला एकच वर मिळाला तर काय मागाल?’ हा निबंधाचा विषय मराठी शाळांतून किती पिढ्या चालत आला आहे, कोण जाणे! माझ्या बाबांनी तो लिहिला होता, आत्याने लिहिला होता, आणि सातवीत असताना मीही लिहिला. मी त्या वेळी विश्वशांती मागितली होती व मला दहांपैकी सहा गुण मिळाले होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने अदृश्य होण्याची विद्या मागितली. तिला आठ मिळाले. यावरून विश्वशांतीचे मोल काय ते ज्याचे त्याने समजावे.

त्या सर्व निबंधांत एक गोष्ट मात्र सारखीच असे. देव प्रसन्न होई, आम्ही हात जोडून मागत असू, देव ‘तथास्तु’ म्हणे, आणि तेथे निबंध संपे. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काय घडले, ते कोणीच लिहीत नसे. आपली पुराणे या बाबतीत आमच्यापेक्षा पुष्कळच खरी आहेत. त्यांच्यात ‘तथास्तु’ हा शब्द कथेच्या आरंभी येतो. कैकेयीने आपले दोन वर एका रात्रीत मागून घेतले. ते फेडता फेडता चौदा वर्षे गेली, आणि ज्याने ते दिले होते त्याचा तर प्राणच गेला.

मला वयाच्या पंधराव्या वर्षी एक वर मिळाला. निबंधातला नव्हे, अगदी खराखुरा. तो मी मागितला, तो मला दिला गेला, आणि दिलेला शब्द पाळलाही गेला. त्यानंतरची हकीकत सांगावी म्हणून हे लिहावयास बसले आहे.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्करात आहे. बाहेरगावच्या लोकांना हे नाव चमत्कारिक वाटते. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. तो तळ उठला नाही, त्याचेच शहर झाले, आणि शहराला ‘लष्कर’ हेच नाव चिकटले. आमचे पूर्वज त्या फौजेच्या मागोमाग आले, असे घरात सांगतात. तलवार घेऊन आले की दौत-लेखणी घेऊन, याविषयी मतभेद आहेत. आजोबा लेखणीच्या बाजूचे आहेत. वाडा त्यांच्या आजोबांनी बांधलेला. अरुंद गल्लीत उघडणारा दगडी दरवाजा, आत ओसरी, मग चौक, चौकाच्या कडेला पाणी आटलेली विहीर आणि तिच्या काठाशी पारिजातक. छत कौलांचे नव्हे. आमच्या भागात लाल दगडाच्या लांबच लांब फरश्या निघतात, त्यांना ‘पटिया’ म्हणतात. त्या तुळयांवर आडव्या टाकून छत करतात. उन्हाळ्यात त्याखाली गार वाटते. पावसाळ्यात मात्र दोन पटियांच्या सांध्यातून पाणी टपकू लागले, म्हणजे घरातील सर्व पातेल्यांना कामगिरी मिळते.

वरच्या मजल्यावरील पुढची खोली माझी होती. तिच्या खिडकीतून किल्ला दिसतो. गल्लीतील सात घरांतून पूर्वी दिवेलागणीस रामरक्षेचे स्वर येत, असे आजी सांगत असे. मला आठवते तेव्हापासून तीन घरे होती, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या डावी-उजवीकडील दोन्ही वाडे पडून तेथे चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या घरची माणसे कुणी पुण्याला गेली, कुणी येथेच दूरच्या वसाहतीत राहावयास गेली. रस्त्यात भेटली तर ती आमच्याशी मराठीतच बोलतात. पण त्यांची मुले मात्र हिंदीत उत्तर देतात.

दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात आजोबा जिन्यावरून पडले व त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. पुढे चार महिने त्यांना ओसरीवरील खाटेवरच काढावे लागले. बाबा नोकरीवर जात, आईला स्वयंपाकघर सोडता येत नसे. तेव्हा शाळेची वेळ सोडून उरलेला सर्व दिवस मी आजोबांपाशी बसत असे. आजोबा महालेखाकारांच्या कचेरीत छत्तीस वर्षे लेखापरीक्षक होते. दुसऱ्याच्या हिशेबातील चूक काढणे हा ज्याचा जन्माचा व्यवसाय, तो मनुष्य चार महिने निजून राहिला म्हणजे काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. चहात साखर किती चमचे घातली, याची ते फेरतपासणी करीत. रात्री दोन वाजता आल्याचा चहा मागत, आणि तो आणला की, ‘इतक्या रात्री चहा कोण पितो?’ असे मलाच विचारीत. वर्तमानपत्र वाचून दाखवताना एखादा आकडा माझ्याकडून चुकला, तर ते तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचावयास लावीत. मला त्यांचा राग येई, हसू येई, आणि रात्री ते वेदनेने कण्हू लागले म्हणजे उगाच रडूही येई. पण मी त्यांच्यापाशी बसले, एवढे खरे.

त्याच सुमारास घरात वाडा विकण्याचे चालले होते. शेजारचे वाडे ज्यांनी घेतले, त्यांनीच आमच्या वाड्यालाही बरी किंमत देऊ केली होती. इंदूरचे काका त्यासाठी दोनदा येऊन गेले. आजोबांनी खाटेवर पडल्या पडल्या, ‘तुम्ही दोघे ठरवा,’ असे म्हटले होते. दिवाळीनंतर कागदपत्रे व्हावयाची, असे ठरत आले होते. या गोष्टी मुलांसमोर कोणी बोलत नाही. परंतु ओसरीवर रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला घरातील सर्व काही ऐकू येते.

दसऱ्याच्या दिवशी आजोबा काठी टेकीत प्रथमच चौकापर्यंत चालत गेले. आमच्या घरी शस्त्रपूजेत शस्त्र एकच असते, आजोबांची तांबडी पेन्सिल. तिच्यावर त्यांनी आपट्याचे पान ठेवले, खुर्चीवर बसले, आणि काका-काकू, ताई (म्हणजे माझी चुलत बहीण), आई-बाबा असे सर्व उभे असताना मला पुढे बोलावून म्हणाले, ‘‘या पोरीने माझं सगळं केलं. माग गं, काय हवं ते माग. पण एकच. आणि नीट विचार करून माग. दिलेला शब्द मी फिरवीत नाही.’’

सर्वांना वाटले, ही मोबाईल मागेल किंवा सायकल मागेल. मी म्हणाले, ‘‘आजोबा, वाडा विकू नका.’’

चौकात इतके शांत झाले की, पलीकडच्या इमारतीतील पाण्याच्या मोटरीचा आवाज ऐकू येऊ लागला. आजोबा किती वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी ती तांबडी पेन्सिल उचलून खिशात घातली आणि म्हणाले, ‘‘नाही विकणार.’’

काका कोजागिरीपर्यंत राहावयाचे होते. ते एकादशीलाच सकाळच्या गाडीने इंदूरला परत गेले. जाताना आजोबांच्या पाया पडले, पण एक शब्दही बोलले नाहीत. ताईने मात्र माझा हात धरून ‘छान मागितलंस हं’ असे म्हटले. तिच्या स्वरात राग मुळीच नव्हता, त्यामुळे मला ते अधिकच लागले. वाड्याच्या पैशांतून तिला पुढील जूनमध्ये पुण्यास शिकावयास पाठवावयाचे होते, हे मला तिने सांगितले नाही. ते मला चार दिवसांनी बाबांच्या तोंडून कळले. बाबांनीही ते मला सांगितले असे नव्हे. ते आईशी बोलत होते. शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज त्याच पैशांतून फिटावयाचे होते. त्या दिवसापासून रात्री उशिरा गच्चीवर बाबांच्या येरझारांचा आवाज येऊ लागला. माझ्या खोलीच्या बरोबर वर गच्ची. पटियांवरून कोणी चालले की, खाली पावलांची मोजदाद करता येते.

मला कोणी रागे भरले नाही, कोणी टोमणा मारला नाही. वर देऊन झाला होता आणि घराने तो मानला होता. पण जेवताना पूर्वी जी बोलणी चालत, ती हळूहळू बंद पडली. ‘मीठ दे’, ‘पाणी घे’ एवढ्यावर सगळ्यांची जेवणे होऊ लागली.

त्या वर्षी जानेवारीत आमच्या वर्गाची सहल मुरैना जिल्ह्यात गेली. बटेश्वरची कोसळलेली मंदिरे पुरातत्त्व खात्याने २००५पासून दगडावर दगड ठेवून पुन्हा उभी केली आहेत. ती पाहिली, मितावलीचे वर्तुळाकार चौसष्ट योगिनी मंदिर पाहिले, आणि परतताना कुतवार नावाच्या गावी आमची बस थांबली. पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाही. आसन नदी, तिच्यावरील जुना बंधारा, आणि गावाखाली दडलेले एक प्राचीन नगर. नाग राजांची हजारो नाणी येथे सापडली आहेत. परंतु परिसरातील लोकांना नाण्यांशी कर्तव्य नाही. त्यांच्या मते हीच कुंतिभोज राजाची राजधानी, आणि याच नदीत कुंतीने कर्णाची पेटी सोडली. महाभारतात ती पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तेथून यमुनेत आणि मग गंगेत वाहत गेली, असे आहे. चर्मण्वती म्हणजे आपली चंबळ. आमच्या भूगोलाच्या सरांनी लागलीच नकाशा उघडून दाखवला की, आसन चंबळेला मिळतच नाही. ती मिळते क्वारीला, क्वारी सिंधेला आणि सिंध यमुनेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. महाभारताला भूगोलात नापास केल्याचा आनंद काही निराळाच असतो. मी मात्र ‘क्वारी’ या नावापाशी अडखळले. क्वारी म्हणजे कुंआरी, अविवाहित मुलगी. त्या नदीला हे नाव कोणी आणि का दिले असेल, याचा विचार करीत मी घरी आले, आणि आजोबांच्या कपाटातून महाभारताच्या मराठी भाषांतराचा वनपर्वाचा खंड काढून वाचावयास बसले.

कुंतीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. दुर्वासांनी मंत्र दिला, तिने कुतूहलाने तो म्हणून पाहिला, सूर्य आला, कर्ण झाला, तिने त्याला नदीत सोडले. चार वाक्ये. कीर्तनात या ठिकाणी बुवा थांबून कुतूहलाविषयी दोन शब्द सांगतात आणि श्रोत्यांतील बायका माना डोलावतात. पण मूळ कथा वाचू लागले, तेव्हा तिच्यात अशा काही गोष्टी आढळल्या की, त्या मला कोणीच सांगितल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट ही की, कुंती स्वतःच एका दिलेल्या शब्दाचे फळ होती. तिचे खरे नाव पृथा. तिचा बाप शूर याने आपल्या निपुत्रिक आतेभावाला, म्हणजे कुंतिभोजाला, आपले पहिले अपत्य देण्याचे वचन दिले होते. त्या वचनापायी ती आपल्या घरातून उठून दुसऱ्याच्या घरी गेली. तिच्या मनाचा प्रश्नच नव्हता. पुढे त्या घरी तो कोपिष्ट ब्राह्मण आला, तेव्हा कुंतिभोजाने त्याची सेवा तिच्यावर सोपवली. वर्षभर तिने ती केली. सकाळी येतो म्हणून तो जाई आणि रात्री उगवे. अवेळी येऊन दुर्मिळ पदार्थ मागे. मिळाले तरी नावे ठेवी. हे वाचताना मला आल्याच्या चहाची आठवण झाली व एकटीच हसले.

दुसरी गोष्ट वाचून मात्र माझे हसू मावळले. ब्राह्मण प्रसन्न होऊन ‘वर माग’ म्हणाला, तेव्हा कुंतीने वर मागितलाच नाही! तुम्ही संतुष्ट आहात, माझे वडील संतुष्ट आहेत, यातच मला सर्व काही मिळाले. आता वर कशाला, असे ती म्हणाली. तिला नको होता. पण ब्राह्मणाने ऐकले नाही. वर नको तर निदान हा मंत्र तरी घे, असे म्हणून त्याने तो तिला दिलाच. शापाच्या भीतीने तिला दुसऱ्यांदा नाही म्हणता आले नाही. मंत्र देऊन ब्राह्मण राजाचा निरोप घेऊन तेथल्या तेथे अंतर्धान पावला.

त्या अंतर्धान पावण्यावर मी बराच वेळ थांबले. ज्याने दिले तो निघून गेला. आता त्या मंत्राचे काय करावयाचे, कधी करावयाचे, केल्यावर काय होईल, हे विचारावयास ती कोणाकडे जाणार? आणि दिलेली वस्तू हातात असताना तिला हातही लावू नये, अशी अपेक्षा आपण एका कोवळ्या मुलीकडून करावी, हा न्याय मला तरी पटत नाही. पेढा हातावर ठेवून ‘खाऊ नकोस हं’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? सूर्य समोर उभा राहिला तेव्हा तिने त्याला परत जाण्याची विनवणी केली. तो म्हणाला, मी व्यर्थ जाणार नाही. तू ऐकले नाहीस तर तुला मंत्र देणाऱ्या ब्राह्मणाला आणि तुझ्या बापाला जाळून टाकीन. म्हणजे न मागितलेल्या वराची किंमत तिच्या बापावर येऊ लागली. ती त्याच्यासाठी भ्याली, आणि तिने मान्य केले.

पुढचे सर्वांस ठाऊकच आहे. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पेटी नदीत सोडताना तिच्याजवळ फक्त तिची दाई होती. त्या एवढ्या मोठ्या राजवाड्यात दुसऱ्या कोणालाही काही ठाऊक नव्हते. पुढे अंगदेशात सूताच्या घरी मुलगा वाढत आहे, हे तिने हेरांकडून जाणून घेतले, परंतु कोणाशी बोलली नाही. हस्तिनापुरात रंगमंडपात तो अर्जुनासमोर उभा राहिला तेव्हा ती मूर्च्छित पडली. तरीही बोलली नाही. युद्धापूर्वी ती गंगेवर एकटीच त्याला भेटली. शेवटी तो पडल्यावर, तिलांजली देण्याची वेळ आली तेव्हा तिने मुलांना सांगितले, तो तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिर दुःखाने इतका भडकला की, यापुढे स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही, असा त्याने शाप दिला. धर्मराजाविषयी मला आदर आहे. पण हा शाप वाचून मला वाटले की, गुपित पोटात ठेवूनच एवढा अनर्थ झाला, आणि हे गृहस्थ शाप देतात तो न ठेवण्याचा! अशाने तो शाप झाला की उपकार?

कुंतीच्या गोष्टीने माझा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. माझे प्रकरण तिच्या तुलनेने किती क्षुल्लक, ते मला समजते. मी तर मागून घेतले होते, आणि जे मागितले ते मला आजही हवे आहे. परंतु एक भेद माझ्या लक्षात आला, तो असा. तिला वर देणारा अंतर्धान पावला होता. मला वर देणारा ओसरीवर खाटेवर बसून खोकत होता.

तरीही मी पुष्कळ दिवस काही बोलले नाही. उन्हाळा गेला. ताईने इंदुरातच कॉलेजात नाव घातले. पुन्हा पातेली मांडण्याचे दिवस आले आणि गेले. मग दिवाळीपूर्वी फराळाची तयारी चालली असताना आईने मला तिची पाककृतींची वही काढावयास सांगितली. अनारशांच्या पानात एक घडी घातलेला कागद होता. त्यावर पेन्सिलीने एक चौकोन काढलेला, आणि आईच्या अक्षरात लिहिलेले: ‘ओटा – ३१ इंच. नळ उजवीकडे. खिडकी पूर्वेस (मिळाल्यास).’

आमचे स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे. नळाला पाणी येते ते खाली चौकात, सकाळी तासभर. गेली अठरा वर्षे माझी आई ते पाणी घागरीने वर नेत आली आहे. तिचे गुडघे दुखतात हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण ती कधी कोणाला काही मागत नसे, त्यामुळे ती कशाची वाट पाहत आहे हे कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. कागदावरील तारीख माझ्या वराच्या तीन महिने आधीची होती. दसऱ्याच्या दिवशी चौकात ती माझ्या मागेच उभी होती. मी मागितले, आजोबा ‘नाही विकणार’ म्हणाले, आणि ती वर जाऊन सर्वांसाठी श्रीखंड वाढू लागली.

मी तो कागद घेऊन आजोबांकडे गेले. मला कुंतीसारखे गप्प राहावयाचे नव्हते. आजोबांनी चष्मा लावला, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘हे नोंदीत आलंच नव्हतं.’’

मग मी त्यांना सगळेच सांगितले. ताईचे पुणे, बाबांच्या येरझारा, कर्ज, काकांचे न येणे. त्यांना बरेचसे ठाऊक होते. एकत्र मांडलेले मात्र त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी कपाटातून जुनी लांबट वही मागितली, मध्ये रेघ ओढली, आणि एका बाजूस ‘जमा’, दुसऱ्या बाजूस ‘नावे’ असे लिहिले. जमेच्या बाजूस एकच नोंद: ‘वाडा.’ नावेच्या बाजूस लिहिता लिहिता पान भरत आले. मी म्हणाले, ‘‘आजोबा, हे सगळं माझ्या नावावर.’’ त्यांनी वर न पाहताच उत्तर दिले, ‘‘तुझ्या नावावर कसं? तू मागितलंस. दिलं मी. हिशेबात देणाऱ्याची सही असते.’’

कठोपनिषदात नचिकेत्याची कथा आहे. यमाने त्याला तीन वर दिले. त्यातला तिसरा सर्वांना आठवतो, मरणानंतर काय होते हा प्रश्न. पहिला फारसा कोणी सांगत नाही. तो त्याने आपल्या बापासाठी मागितला होता. ज्या बापाने रागाच्या भरात ‘तुला मृत्यूला दिले’ म्हटले, त्याचा राग निवावा, त्याचे मन शांत व्हावे, एवढेच. आणि यम उत्तर देतो की, तुझ्या बापाला रात्री सुखाने झोप लागेल. हे मी त्या दिवसांत पुन्हा वाचले, आणि वाचताना माझ्या डोक्यावर गच्चीत पावले वाजत होती. माझ्यापाशी मात्र दुसरा वर शिल्लक नव्हता. होती ती आजोबांची वही.

त्या वहीतून जे निघाले ते असे. आजोबांनी आपली मुदत ठेव मोडून बाबांचे कर्ज निम्म्याने कमी केले. वाड्याच्या पुढच्या बाजूच्या दोन खोल्या, खालची एक आणि वरची एक, भाड्याने द्यावयाच्या ठरल्या. वरची म्हणजे माझी, किल्ल्याच्या खिडकीची. भाडे दरमहा काकांकडे पाठवावयाचे, ताईच्या शिक्षणासाठी. बाबांनी बऱ्याच दिवसांनी जेवताना तोंड उघडले ते याला विरोध करण्यासाठी; मग दोघांचा वाद झाला, आवाज चढले, आणि आई वाढता वाढता मध्येच हसली. कित्येक महिन्यांनी आमच्या पंगतीत भांडण झाले होते.

दोन्ही खोल्या एका शिकवणीवाल्या सरांनी घेतल्या. आता दिवेलागणीस आमच्या वाड्यातून पंचवीस-तीस मुलांचा हिंदीतून घोष निघतो: ‘साइन थीटा बटा कॉस थीटा बराबर टॅन थीटा.’ गल्लीत मराठी आवाज टिकावा म्हणून मी वाडा मागितला होता! देवघरात आजोबा आपली रामरक्षा आता मोठ्याने म्हणतात. कधी कधी दोन्ही एकाच वेळी चालते, आणि मी माजघरात बसून माझा अभ्यास करते. किल्ला पाहावयाचा तर गच्चीवर जावे लागते.

पहिल्या महिन्याचे भाडे काकांनी परत पाठवले. आजोबांनी ते तसेच पुन्हा पाठवले व खाली तांबड्या पेन्सिलीने ‘हिशेब चुकवू नये’ एवढेच लिहिले. दुसऱ्यांदा ते परत आले नाही. या दिवाळीत काका आले नाहीत. ताईला मात्र त्यांनी पाठवले. तिने आणि मी मिळून चौकात किल्ला केला. पुण्याचा विषय तिनेच काढला. पदवीनंतर जाईन म्हणाली, आणि तोपर्यंत वहीत किती जमेल याचा आकडाही तिने मनात काढून ठेवला होता. त्या आकड्यात एक चूक होती, ती आजोबांनी आनंदाने दाखवून दिली.

चौकाच्या कडेची जुनी लाकडे ठेवण्याची खोली रिकामी करून तेथे आता स्वयंपाकघर होत आहे. नळ जवळ, जिना चढणे नाही. खिडकी पूर्वेस होऊ शकली नाही. त्या बाजूला नव्या इमारतीची भिंत आहे. ती उत्तरेस, विहिरीकडे काढली, तेव्हा पारिजातक दिसतो. परवा गवंड्याने ओट्याच्या दगडासाठी भिंतीवर खडूने रेघ मारली आणि कागदाप्रमाणे बरोबर ३१ इंच भरले म्हणून माप दाखवले. आई रेघेपाशी जाऊन उभी राहिली, तिने रिकाम्या हाताने पोळी लाटून पाहिली, आणि पदराने ती रेघ पुसून गवंड्याला म्हणाली, ‘‘भैया, दो उंगली नीचे.’’